दहा अक्षरांचं आडनाव

गेरा, ९ जानेवारी २०२२

प्रिय बाबा, सलाम.

फोनवर पहिली पाच मिनिटं आई बोलते आणि शेवटची पाचही आईच बोलते, तुमच्या वाट्याला फक्त खोकला येतो. म्हणून पत्र. शिवाय यातला निम्मा मजकूर तुमच्या सूनबाईसाठी, बेगिमायसाठी आहे, तो तिला पुन्हा पुन्हा वाचता येईल.

इथल्या जर्मन वृद्धनिवासात मी रुजू झालो. तिकडे नरीन शहरातल्या दवाखान्यात सहा वर्षं नर्स होतो, इथं आल्यावर पहिल्या दिवशी चमचा देता आला नाही! 'ही घ्या तुमची चमचा' असं काहीतरी मी म्हणालो. लोश्के म्हणून एक आजीबाई आहेत, शहाऐंशी वर्षांच्या, तीस वर्षं ट्राम चालवलेल्या. त्यांनी चमचा माझ्या नाकासमोर धरला आणि शाळेत शिकलेल्या मोडक्या रशियनमध्ये म्हणाल्या, "बाळा, हा पुरुष आहे. काटा बाई आहे. सुरी दोन्हीही नाही. आता वाढ."

बाबा, आपल्या भाषेत 'तो' काय अन् 'ती' काय, एकच शब्द. याक असो, बायको असो, बादली असो. इथं प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं, बाई तू कोण? मी खोलीभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. पुरुषाला निळी, बाईला लाल, तिसऱ्याला पिवळी. माझा सोबती म्हणतो, तुझी खोली औषधाच्या दुकानासारखी दिसते.

आता मुद्दा. बेगिमायची जर्मनची परीक्षा २४ मार्चला बिश्केकला. सगळ्यात खालची पायरी आहे, पण ती चढल्याशिवाय बायकोला व्हिसा नाही. ती पास झाली की अर्ज, अर्ज झाला की उन्हाळ्याअखेर ती इथं. लग्नानंतर आम्ही सात महिने एकत्र राहिलो आणि नऊ महिने झाले वेगळे आहोत. हा हिशोब मला उलटा करायचाय.

तिच्याकडून रोज धडे म्हणवून घ्या. ती लाजते. तुम्ही नुसतं ऐकलंत तरी पुरे.

तुमचा एल्दियार


अत-बाशी, ३० जानेवारी

बाळ एल्दियार,

मेंढ्या ठीक. थंडी अशी की डिझेलचा शिरा होतोय. तोरुगार्त घाटात दोन ट्रक अडकले होते, दोन्ही मीच काढले. बाकी सगळे खुशाल.

तू मला सांगतोस ऐक म्हणून? अरे, मी चाळीस वर्षं दुसरं काय केलं? सोव्हिएत गेलं तेव्हा माझ्याकडे एक पाना होता आणि दोन कान होते. पाना चोरीला गेला. आज गॅरेज उभं आहे ते कानांवर. ड्रायव्हर वळणावर असतो तेव्हाच मला कळतं, याचा पंप गेलाय की हा नुसताच रडका आहे.

तुझी बायको संध्याकाळी गोठ्यात म्हशीगत उभी राहून— नको, तुझी आई वाचते आहे खांद्यावरून. गोठ्यात गाईपाशी उभी राहून धडे म्हणते. घरात माझ्यासमोर तोंडातल्या तोंडात बोलणारी पोर, गाईसमोर खणखणीत बोलते. मी भिंतीपलीकडे टायर तपासत असतो. एकच टायर रोज तपासतोय.

शब्द मला कळत नाहीत, पण चाल कळते. परवा ती एकाच जागी अडत होती. कप टेबलावर ठेवला आणि कप टेबलावर आहे, या दोन्हींत टेबलाचं रूप बदलतं म्हणे. तिला ते लागेना. मी भिंतीतून विचारलं, "सूनबाई, एकात गाडी चालू आहे आणि दुसऱ्यात उभी आहे, असं काही आहे का?" मग ती धावत आली, ओढणी सावरत. "बाबा, अगदी तेच! चालू असेल तर एक, उभी असेल तर दुसरं!" तेव्हापासून तिचं टेबल एकदाही अडलेलं नाही.

मला जर्मन येतं असं मी आता गावात सांगतोय. कुणी तपासणार आहे?

तुझा बाप


गेरा, २१ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

चालू गाडी आणि उभी गाडी! हे मी लोश्के आजींना सांगितलं. त्या एवढ्या खूश झाल्या की म्हणाल्या, "तुझ्या बापाला ट्रामवर घेतलं असतं."

माझी फजिती सांगतो. इथं काही क्रियापदांचं डोकं वाक्याच्या सुरुवातीला असतं आणि शेपूट पार शेवटी. मी एका आजोबांना उठवत होतो. डोकं बोललो, मधलं सगळं बोललो, "कृपया", "हळूहळू", "आता डॉक्टर येतील", आणि शेपूट विसरलो. आजोबा अर्धे उठून तसेच थांबले. खुर्चीच्या वर एक वीत. मी वाट बघतोय ते का उठत नाहीत, ते वाट बघताहेत मी वाक्य कधी संपवतो. शेवटी लोश्के आजी पलीकडून ओरडल्या, "अरे, शेपूट दे त्याला, पाय थरथरायला लागले!"

आणि एक गोष्ट मला फार गोड लागली. वाक्याआधी 'कारण' हा शब्द घातला की क्रियापद आपल्यासारखंच शेवटी जाऊन बसतं. अगदी घरी आल्यासारखं वाटतं. मग मी सगळ्याच वाक्यांना 'कारण' लावायला लागलो. "कारण मी चहा आणला." "कारण आज बाहेर ऊन आहे." आजींनी चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "कारणं पुष्कळ झाली, आता गुन्हा काय ते सांग."

बेगिमायला सांगा, तोंडी परीक्षेची सुरुवात स्वतःच्या ओळखीनं होते. नाव, आडनाव, आडनावाचं एकेक अक्षर सुटं करून, मग वय, गाव, भाषा, काम. कागद सोबत जोडलाय. हे सगळ्यात सोपं, फुकटचे गुण आहेत.

आणि मला घर मिळालं! दोन खोल्या, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. पडदे मी घेतले नाहीत. ते ती घेईल.

एल्दियार


अत-बाशी, २८ मार्च

बाळ,

परीक्षा झाली नाही असंच समज. कागदपत्रांचा काहीतरी घोळ झाला. नंतर त्यांनी पासपोर्ट वगैरे पाहिले, सगळं बरोबर निघालं, पण तो दिवस गेला तो गेला. पुढची तारीख ५ जुलै.

ती बरी आहे. थकली असेल प्रवासानं. जेवते वेळेवर.

तू काळजी करू नकोस. रस्ता बंद झाला तर आपण काय करतो? थांबतो, चहा पितो.

तुझा बाप


गेरा, १५ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही कधी एवढं छोटं पत्र लिहीत नाही.

मी कुबातला फोन केला. चुलतभाऊ म्हणून त्यानंच तिला परीक्षेला नेलं होतं, दाराबाहेर तोच बसला होता. आधी टाळाटाळ केली, मग बोलला. परीक्षक बाईंनी बेगिमायला आडनाव विचारलं. तिनं माहेरचं सांगितलं. असिलबेकोवा. समोर पासपोर्टवर सागिनबायेवा लिहिलेलं. बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा असिलबेकोवा. तिसऱ्यांदा ती गप्पच राहिली. त्यांना वाटलं, एकीच्या जागी दुसरीच परीक्षेला बसलीय. तिला उठवलं.

बाबा, मी लहान नाही. दीड वर्ष झालं लग्नाला. नवऱ्याचं आडनाव माणूस विसरतं का? तेही दोनदा विचारल्यावर? मी फोनवर विचारलं तर म्हणते, "घाबरले होते." आणखी विचारलं तर फोन आईकडे देते.

मी तिला वेगळं लिहिलंय. तिला यायचं नसेल, त्या घरात आणि या घरात कुठंच राहायचं नसेल, तर तसं स्पष्ट सांग म्हणून. नवऱ्याचं नाव टाकायचं तर परीक्षेत कशाला, सरळ माझ्या तोंडावर टाक. असं लिहिलं. लिहायला नको होतं कदाचित. पण पेटीत टाकलं.

एल्दियार


अत-बाशी, ८ मे

एल्दियार,

गाढवा. गाढवा, गाढवा. कागद संपेपर्यंत हेच लिहिणार होतो, पण पुढे सांगण्यासारखं बरंच आहे.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी तिनं काही केलं नाही. भाकरी भाजल्या, दूध काढलं, वासरू बांधलं. संध्याकाळी गोठ्यात गेली आणि रोजचा धडा सुरू केला. डोळे सुजलेले, आवाज घोगरा, पण धडा सुरू! मी टायरपाशी. मला वाटलं, ज्या पोरीला जायचंच नाही ती हे कशाला करील?

मग मी नीट ऐकलं. जसं इंजिन ऐकतो तसं, डोळे मिटून. तिचं नाव येतं. मग खड्डा. मग वय येतं, गाव येतं, सगळं सुरळीत धावतं. पुन्हा पहिल्यापासून. नाव, खड्डा, वय. आठ वेळा ऐकलं, आठही वेळा त्याच जागी. अरे, एकच सिलिंडर पेटत नाहीये! घाबरलेलं माणूस कुठंही अडखळतं. रोज त्याच जागी अडखळत नाही.

घरात जाऊन तुझा तो कागद काढला. नावानंतर काय येतं? आडनाव. तुझं आडनाव कुठून आलं? तुझ्या जन्माच्या वेळी मीच कचेरीत जाऊन माझं नाव दिलं. सागिनबायचा सागिनबायेव. तुझी बायको सागिनबायेवा. कागदावर मीच माझ्याकडे बघत बसलो होतो.

आपल्या घरातली रीत काय आहे? सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. सासरच्या कुणा थोराचंच नाही. माझा थोरला भाऊ तेमिर, म्हणजे लोखंड. तर ही पोर माझ्या गॅरेजात लोखंडाला दीड वर्षं 'ते काळं जड' म्हणते आहे आणि मी हसत पाने देतोय. तुझी आई मला तेहतीस वर्षं 'एल्दियारचा बाप' म्हणते. तू जन्मायच्या आधी 'अहो, ऐकलं का' होतो. या घरात वाढलास, नर्स झालास, चमच्याची जात ओळखायला शिकलास, आणि हे तुझ्या डोक्यात आलं नाही? माझ्याही आलं नाही म्हणा. पण मी माझ्या बायकोला तसलं पत्र पाठवलं नव्हतं.

खात्री करायला मी चहाच्या वेळी सहज विचारलं, "सूनबाई, तुझं आडनाव काय गं?" ती उठली, आत गेली, आणि पासपोर्ट आणून माझ्यापुढे ठेवला. दोन्ही हातांनी, मान खाली घालून.

मी म्हटलं, "अगं, दवाखान्यात, बँकेत काय करतेस?"

"लिहून देते, बाबा."

"आणि परीक्षेत?"

"तिथं लिहून चालेना. माझ्या तोंडून मग वडलांचंच आलं. दुसरं काही येईनाच."

"मी परवानगी देतो. आत्ता. म्हण."

तिनं तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दिलीत, बाबा. जिभेनं कुठं दिलीय?"

तुझ्या आईला सांगितलं तर ती उसळलीच. "माझ्या सासूसमोर मी मान वर केली नाही, आणि ही परक्या बाईसमोर तुमचं नाव घेणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना जर्मन येत नाही." ती बोलायची थांबली आहे. माझ्याशी.

पण मला उपाय सुचलाय. बोल्ट गंजला की ठोकायचा नसतो, हलवत राहायचा असतो. तू तिला दुसरं पत्र लिही. आजच लिही. आणि त्यात एकही 'कारण' घालू नकोस.

बाप


गेरा, २३ मे

बाबा,

पत्र वाचलं तेव्हा मी कामावर होतो. वाचता वाचता भिंतीला टेकून खाली बसलो. लोश्के आजींना वाटलं कुणी वारलं. त्यांना सगळं सांगितलं, मिळेल त्या व्याकरणात, डोकं-शेपूट जमेल तिथं लावून. त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "आणि तू त्या मुलीला काय लिहिलंस, ते परत सांग." मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर काठी मारली. खरोखरची.

तिला लिहिलंय. माफी मागितली आहे. अजून उत्तर नाही.

उपाय काय आहे ते तरी सांगा!

एल्दियार


अत-बाशी, २० जून

बाळ एल्दियार,

बस आणि ऐक!

उपाय असा. मी जुना ट्रक अंगणात आणला, बोनेट वर केलं, इंजिन सुरू केलं आणि अॅक्सिलरेटरवर पाय असा दाबला की कोंबड्या छपरावर गेल्या. सूनबाईला म्हटलं, "ये इथं, इंजिनाजवळ उभी राहा आणि म्हण. या आवाजात मला माझा स्वतःचा आवाज येत नाही, तुझा कुठून येणार? देवालाही ऐकू जाणार नाही." ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग इंजिनाकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. ओठ हलले एवढं मी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

रोज संध्याकाळी अर्धा तास. आधी आडनाव, मग त्याची दहा अक्षरं सुटी सुटी. मी रोज पाय केसभर सैल करत होतो. तिला कळू न देता. चौथ्या दिवशी मला पहिलं अक्षर ऐकू आलं. मी असं दाखवलं की मी डिझेलचा काटा बघतोय. शेजारचा जोलदोश येऊन म्हणाला, "सागिनबाय, महिनाभर एकच गाडी? म्हातारा झालास, आता सापडत नाही का बिघाड?" मी म्हटलं, "सापडलाय. निघतोय हळूहळू."

तुझी आई स्वयंपाकघरातून धूर आला म्हणून, डिझेल जळलं म्हणून बडबडायची. पण खिडकी कधी बंद केली नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

काल ती रंगात होती. केस मोकळे, हातात फडकं, अक्षरं अशी फेकत होती जशी आपण लाकडं फोडतो. एस! आ! गे! इप्सिलॉन! एन! आणि त्या क्षणी मी चावी फिरवली. इंजिन बंद. अंगणात एकदम सुतकासारखी शांतता, आणि तिचा आवाज तसाच पुढे निघालेला, थांबवता न आलेला: "बे! आ! ए! आ!" आणि मग पूर्ण आडनाव, डोंगरावर आपटून परत येईल एवढं मोठ्यानं.

ती पांढरी पडली. तोंडावर हात. जोलदोश कुंपणाला. मी चावी हातात धरून उभा. आणि दारात तुझी आई, हातात पळी.

एल्दियार, मी चीनच्या सीमेवर बंदुका बघितल्यात, पण त्या पळीएवढं मी कशाला घाबरलो नाही.

तुझी आई अंगण ओलांडून सरळ सूनबाईसमोर आली. म्हणाली, "परत म्हण."

हिचा हात तोंडावरच.

"परत म्हण. 'ए'नंतर 'फाउ' येतो. खाल्लास तू. रोज बरोबर म्हणतेस आणि आज एवढं मोठं ओरडलीस तर नेमका तोच खाल्लास! तिथं गुण गेले म्हणजे?"

बाळा, ती बाई महिनाभर खिडकीत उभी राहून पाठ करत होती. दहाच्या दहा. पोरीनं पुन्हा म्हटलं, दहाही अक्षरं, इंजिनाशिवाय, सासूच्या डोळ्यात बघून. आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की जोलदोश मला विचारतो, "कोण गेलं?"

मला अजून ती 'एल्दियारचा बाप' म्हणते. ते राहू दे. मला सवय आहे.

५ जुलैला बिश्केकला मी स्वतः घेऊन जातोय. तुझ्या पत्राचं उत्तर ती पास झाल्यावर देणार आहे, असं तिनं तुला कळवायला सांगितलं. "थोडं बसू दे त्याला," म्हणाली.

तुझा बाप, सागिनबाय


बिश्केक, १२ जुलै

बाळ,

आज निकाल लागला. पास. बोलण्यात पंचवीसपैकी तेवीस. एवढंच लिहितो, पेन दुकानदाराचं आहे.

परीक्षेच्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "आडनाव विचारलं का?" म्हणाली, "सगळ्यात आधी तेच. मी इतकं मोठ्यानं सांगितलं की बाई दचकल्या. म्हणाल्या, हळू सांगितलं तरी चालेल."

गावी पोचलो की मेंढी कापतोय. गावाला जेवण.

बाप


गेरा, ३ नोव्हेंबर

प्रिय बाबा, प्रिय आई, सलाम.

ती आली. आठवडा झाला. विमानतळावर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलली विचारा. "पडदे बघायला कधी जायचं?" पत्राचा विषय तिनं अजून काढलेला नाही. मीच रोज मनात काढतो.

लोश्के आजींकडे नेलं. आजींनी काटा पुढे केला, तिनं "बाई" म्हटलं. आजींनी माझ्याकडे बघितलं, "ही तुझ्यापेक्षा हुशार आहे." दोघी आता माझ्या चुका मोजतात.

पण खरं सांगायचंय ते कालचं. नगरपालिकेत नाव नोंदवायला गेलो होतो. मोठी खोली, भिंतीकडेनं खुर्च्या, तीसेक माणसं बसलेली. अधिकारी तरुण होता, घाईत. दारात येऊन त्यानं कागद बघून नाव पुकारलं. काय पुकारलं ते मला कळलंच नाही. झागून-काहीतरी-फा. मी उठणार होतो, आपलंच असेल म्हणून. इथं येऊन मला दीड वर्ष झालं, माझं आडनाव रोज कुणीतरी मोडतं, मी रोज "हो, मीच" म्हणतो.

बेगिमायनं माझा हात धरून मला खाली बसवलं. स्वतः उठली. खोलीच्या मध्यावर गेली आणि म्हणाली, "सागिनबायेवा."

त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. घड्याळाकडे बघितलं. तिनं अक्षरं सुटी केली, एक, एक, दहाही. 'फाउ'सकट. त्यानं तिसऱ्यांदा म्हटलं, जवळपास बरोबर. "जवळपास" तिला चाललं नाही. मान हलवून तिनं पुन्हा सांगितलं. खोलीतली माणसं आता हातातले फोन खाली ठेवून ऐकत होती. एक तुर्की आजोबा ओठातल्या ओठात बरोबरीनं म्हणत होते.

चौथ्यांदा त्याला आलं. स्वच्छ, पूर्ण.

तेव्हा ती त्याला म्हणाली, अगदी शांतपणे, जर्मनमध्ये, "हे माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. नीट घ्या."

वाक्यात दोन चुका होत्या. त्यानं एकही काढली नाही.

तुमचा,
एल्दियार सागिनबायेव